चाबूक आणि चाबुकस्वार

कांहीं शब्दांचें दैव त्यांच्या अर्थाहून प्रबळ असतें. 'चाबुकस्वार' हा त्यांतलाच एक. फारशींत 'चाबुक' म्हणजे चपळ, तल्लख. आणि चाबुकस्वार म्हणजे ज्याची बैठक हलकी, हात नरम आणि बुद्धि तत्पर, असा कसलेला स्वार. पुढें मारण्याच्या साधनालाहि तेंच नांव पडलें. मराठींत हा शब्द कोवळ्या घोड्यांना वळण लावणाऱ्या माणसासाठीं रूढ झाला खरा. पण तो ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती त्याच्या हातांतील वादी. स्वार गेला आणि चाबूक उरला! ही अवनति कोशापुरतीच असती तर तिच्यासाठीं ह्या मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु शब्दाबरोबर विद्याहि खालावली आहे, आणि तिचें प्रायश्चित्त मुक्या जनावरांना भोगावें लागत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दरसाल दत्तजयंतीच्या सुमारास खानदेशांत तापीकांठीं सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजराथ येथून जनावरें येतात, नवे धनी मिळवितात आणि निरनिराळ्या गांवांना जातात. मार्गशीर्ष संपतो, पौष लागतो. पौषांत आपल्याकडे लग्नें होत नाहींत; तीं माघापासून पुन्हा सुरू होतात. म्हणजे नव्यानें घेतलेल्या कोवळ्या घोड्याला मिरवणुकींत उभें करावयाचें, तर धन्याच्या हातीं जेमतेम सहा-आठ आठवडे असतात. लग्नाला वर्ज्य असलेला पौष असा घोड्याच्या शिक्षणाचा महिना ठरतो, आणि ह्या थोड्या आठवड्यांत एक नव्हे, दोन-दोन, चार-चार शिंगरें आणि तट्टें एकदम 'तयार' करण्याची घाई सुरू होते. ही घाई कोणत्या साधनांनीं साधतात तें सर्वांना ठाऊक आहे: आंखूड दोरी, कांटेरी लगाम आणि तोच तो चाबूक.

ह्या पद्धतीचे कैवारी तीन युक्तिवाद करीत असतात. ते क्रमानें पाहूं.

पहिला युक्तिवाद भयाचा. माणसाच्या कितीतरी पट वजनाचें हें जनावर भीति घातल्यावांचून ऐकेल कसें, असें ते विचारतात. प्रश्न विचारणाऱ्यानें घोड्याची प्रकृतीच लक्षांत घेतलेली नाहीं. घोडा हा मुळांत पळून जीव वांचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. जवळजवळ सर्व दिशा त्याला दिसतात, पण नाकासमोरचा आणि पाठीमागचा चिंचोळा भाग दिसत नाहीं. त्या आंधळ्या जागीं कोणी अचानक आलें कीं तो दचकतो, लाथ झाडतो किंवा उधळतो. ह्याला आपण 'खोड' म्हणतों. वास्तविक तें भय आहे. आणि भयावर भयाचाच उतारा देणें म्हणजे आगीवर तेल ओतणें होय. चाबकानें भ्यालेला घोडा उभा राहिला तर तो शिकला म्हणून नव्हे, पळण्याची वाट सांपडली नाहीं म्हणून.

घोडा शिकतो तो निराळ्याच मार्गानें. दोरी किंचित् ताणली, त्यानें एक पाऊल पुढें टाकलें, आणि त्याच क्षणीं दोरी सैल झाली: ह्या सैल होण्यांत सगळा धडा आहे. ताण हा प्रश्न, आणि सुटका हें 'बरोबर' असें उत्तर. सुटका चार पळें उशिरा झाली तर घोड्याला तिचा अर्थ कळत नाहीं. झालीच नाहीं तर तो प्रश्नालाच कंटाळतो आणि त्याचें तोंड कायमचें कठीण होतें. म्हणजे कसब ताणण्यांत नसून सोडण्यांत आहे. कांटेरी लगामाची गरज ज्याला भासते, त्याला वेळेवर सोडतां येत नाहीं इतकेंच सिद्ध होतें.

ह्या प्राण्याची ग्रहणशक्ति किती सूक्ष्म आहे, ह्याचा दाखला विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें मिळाला. 'हान्स' नांवाचा एक घोडा खूर आपटून गणितें सोडवितो अशी त्या वेळीं ख्याति झाली होती. १९०७ सालीं ऑस्कार फुंग्स्ट ह्या संशोधकानें दाखवून दिलें कीं घोड्याला गणित येत नव्हतें. बरोबर आंकडा येतांच प्रश्नकर्त्याची मान नकळत जी किंचित् हले, ती हान्सला दिसत असे आणि तो थांबत असे. लोक हंसले, म्हणाले, घोडा मूर्ख निघाला. मला वाटतें, अर्थ अगदीं उलट आहे. विद्वान मंडळींना जी हालचाल दिसली नाहीं ती ज्याला दिसली, त्याला आपली इच्छा कळविण्यासाठीं त्याच्या जिभेंत खिळे टोंचावे लागतात काय?

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. 'आमचे वाडवडील असेंच करीत आले.' परंपरेचें नांव घेणाऱ्यानें निदान तिचीं कागदपत्रें चाळावींत. अश्वशिक्षणावरचा अति प्राचीन असा एक लेख सुमारे ३,४०० वर्षांपूर्वींचा आहे. हित्ती लोकांच्या राजधानींत, म्हणजे आजच्या तुर्कस्थानांतील बोगाझकोई येथें, तो मातीच्या विटांवर लिहिलेला सांपडला. त्याचा कर्ता मितन्नी देशाचा किक्कुली. रथाच्या फेऱ्यांसाठीं त्यानें वापरलेले संख्याशब्द 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त' असे आहेत. मराठी वाचकाला त्यांचें नातें समजावून सांगण्याची गरज नाहीं. हा आपल्या भाषाकुळाचा जुना आप्त घोड्यांसाठीं काय सांगतो? कांहीं महिने चालणारा, दिवसादिवसाचा आंखलेला क्रम. आधीं थोडें चालणें, मग थोडें धांवणें, मग विश्रांति. मोजलेला दाणा, मोजलेलें पाणी, घाम आल्यावर स्नान आणि अंगावर झूल. भर घाईचा, सहा आठवड्यांचा असा हा उपक्रम नाहीं.

ग्रीक सेनानी झेनोफन ह्यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याशीं रागाच्या भरांत वागूं नये आणि सक्तीनें करविलेल्या गोष्टींत समज नसते, ह्या दोन सूत्रांवर त्याची उभारणी आहे. आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें एक सबंध शास्त्र चालत आलें, आणि दक्षिणेंतल्याच कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत आपल्या 'मानसोल्लासां'त घोड्यांच्या फेरीला राजविनोदांत मानाचें स्थान दिलें. आतां, क्रौर्याची परंपरा नव्हतीच असें मी म्हणत नाहीं. १५५० सालीं नेपल्सच्या ग्रिसोनेनें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत अंगावर कांटा आणणारे उपाय आहेत. परंतु पुढल्या शतकाच्या आरंभींच फ्रान्सच्या तेराव्या लुईचा अश्वगुरु प्लुव्हिनेल ह्यानें ती वाट सोडून सौम्य उपायांचा पुरस्कार केला. परंपरेंत दोन्ही धारा असतात. त्यांतली कोणती उचलावयाची हें आपल्या विवेकावर अवलंबून असतें. परंपरेचें नांव पुढें करून विवेकाची जबाबदारी टळत नाहीं.

आणि भीमथडीचीं तट्टें? तीं राज्यगीतांत आहेत. अलीकडे त्या जातीची राष्ट्रीय नोंदहि झाली आहे. अठराव्या शतकांत ज्या काटक जनावरांवर मराठ्यांनीं दूरदूरचे मुलूख तुडविले, तीं आपल्या स्वारावर विश्वासून अनोळखी नदींत पाय टाकणारीं होतीं. चाबकाच्या भीतीनें घोडा चार कोस पळेल. अटकेपर्यंत जाण्यास निराळें कांहीं लागतें. गाण्यांत तट्टांचा गौरव करावयाचा आणि तबेल्यांत त्यांचीं तोंडें फोडावयाचीं, ही आपली भक्ति!

तिसरा युक्तिवाद पोटाचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. चंदी महाग, वैरण महाग. घोडा चार वर्षें बसवून पोसण्याची ऐपत सामान्य धन्याला कोठून येणार? ह्याचें उत्तर हाडांना विचारावें. शिंगराचीं हाडें एकाच वेळीं पक्कीं होत नाहींत. खुराकडचीं आधीं पुरीं होतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचें टोंक सुमारें अडीच वर्षांच्या आसपास जुळतें. आणि ज्या कण्यावर आपण खोगीर कसतों, त्याच्या मणक्यांना पांच-सहा वर्षें लागतात. दुसऱ्या वर्षीं घोडा उंचीनें भरलेला दिसतो, म्हणून तो पुरा झाला असें समजणें म्हणजे उंच मुलाला प्रौढ समजण्यासारखें आहे. मला हेंहि मान्य आहे कीं बाळपणींची मोकळी धांव आणि बेताचा व्यायाम हाडांना बळकटीच आणतो. शिंगराला कोंडून ठेवावें असें मुळींच म्हणणें नाहीं. माझा आक्षेप पाठीवरच्या ओझ्याला आणि तासन्‌तास एका जागीं नाचविण्याला आहे. अकाळीं बसलेला स्वार दोन हंगाम कमावतो आणि पुढचीं पंधरा वर्षें गमावतो. हा हिशेब गरिबाला अधिकच जाचक आहे, कारण त्याच्याजवळ दुसरा घोडा नसतो.

तट्टाच्या बाबतींत तर दुहेरी अन्याय होतो. तें लहान म्हणून लवकर वाढतें असा समज आहे. तो खोटा आहे. तें लहान म्हणून त्याच्यावर पोर बसवावें आणि पोरानेंच त्याला शिकवावें, ही तर त्याहून मोठी चूक. तट्टू बुद्धीनें तरतरीत असतें. शिकविणारा अडाणी असेल तर पाठ चुकविण्याच्या युक्त्या तें आठ दिवसांत शिकतें. मग हट्टी तट्टू म्हणून त्याचें नांव खराब होतें, आणि 'भाडोत्री तट्टू' ही शिवी आपण माणसांना देत बसतों.

तर मग ह्या उतरत्या हिवाळ्यांत करावें तरी काय? करण्यासारखें पुष्कळ आहे. किंबहुना आपल्या हवेंत ह्या कामाला पौष-माघाइतका अनुकूल काळ नाहीं. सकाळ थंड असते, माशांचा त्रास कमी, चैत्राचें ऊन अजून दूर. मात्र ह्याच थंडीनें अडाणी शिक्षक फसतो. गारठ्यानें शिंगराच्या अंगांत वारें भरतें. तें उड्या मारतें, शेपूट उभारतें, बाजूला सरकतें. हा उन्मत्तपणा नव्हे. त्याला आधीं मोकळ्या आवारांत घटकाभर बागडूं द्यावें, मग हातीं धरावें. कामाचा दिवस नसेल तेव्हां चंदी कमी करून गवत वाढवावें. अर्धी 'खोड' दाण्याच्या तोबऱ्यांतून आलेली असते. हिवाळ्याचे दाट केस घामानें भिजले तर कामानंतर चालवून, पुसून कोरडें केल्याशिवाय त्याला वाऱ्यांत बांधूं नये.

चार शिंगरें एकदम शिकवावयाचीं असतील तर चौघांचा एक वर्ग करूं नये. प्रत्येकाचा पाठ निराळा आणि आंखूड, पंधरा-वीस मिनिटांचा असावा. एक भित्रें असेल, त्याला फडक्याची आणि छत्रीची ओळख करून द्यावी. एक आडदांड असेल, त्याला थांबण्याचा पाठ आधीं. एक आळशी असेल, त्याच्याकडून थोडेंच करवावें पण चटकन् करवावें. आरंभ मोहरकीपासून: शेजारून चालणें, थांबणें, मागें सरणें, बांधल्यावर स्वस्थ उभें राहणें. मग चारी पाय हातांत देणें, म्हणजे नालबंदाचा पहिला दिवस ही त्याच्या जन्मांतली पहिली लढाई ठरत नाहीं. मग रिकामें खोगीर, आधीं सैल, नंतर कसलेलें. आणि लांब दोरीवर थोडक्या फेऱ्या, दोन्ही अंगांनीं सारख्या. सर्वांना एकत्र बाहेर काढावयाचें तर एखादी वयस्क, शांत घोडी पुढें घालावी. ओढा कसा ओलांडावा आणि मोटारीचा भोंगा कसा सोसावा हें तिच्या सोबतीनें जितकें सोपें जातें, तितकें कोणत्याहि चाबकानें जात नाहीं. स्वार बसवावयाचा तो चौथ्या वर्षाच्या सुमारास, हलका, आणि प्रथम केवळ कदम चालीनें. पाठ नेहमीं जमलेल्या गोष्टीवर संपवावा. न जमलेल्या गोष्टीवर हट्टानें रात्र करूं नये.

येथें एका उलट्या फॅशनबद्दलहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. चाबूक टाकला कीं सौम्यता आली, असें मानणारे नवे पंडित आतां ठिकठिकाणीं निघाले आहेत. १८५८ सालीं अमेरिकेच्या रेरी नांवाच्या गृहस्थानें इंग्लंडांत 'क्रूझर' नामक भयंकर घोडा कांहीं तासांत वठणीवर आणून दाखविला आणि सारी राजधानी थक्क झाली. पण त्याच्या पद्धतींत घोड्याचा पुढचा पाय पट्ट्यानें वर बांधून, त्याला थकवून आडवें करणें हें मुख्य होतें. निरुपायाला शांति समजण्याची ही चूक आजहि होते. गोल कुंपणांत घोड्याला दमेपर्यंत पिटाळून, तो जवळ आला कीं 'मैत्री झाली' असें जाहीर करणारे तेंच करतात. कसोटी साधनाची नसून घोड्याच्या मनाची आहे: दुसऱ्या दिवशीं दोरी पाहून तो पुढें येतो कीं मागें सरतो?

आतां शेवटचें, आणि खरें भांडण. मोतद्दार, चाबुकस्वार, भाड्यानें घोडे देणारा, ह्यांच्यावर आसूड ओढणें आपल्या वर्गाला सोपें आहे. परंतु ही घाई जन्मली कोणाच्या मागणींतून? वरातींत बँडच्या कल्लोळांत, फटाक्यांच्या धुरांत घोडी मागच्या पायांवर नाचली पाहिजे, हा हट्ट कोणाचा? थंड हवेच्या ठिकाणीं भाडें ठरवितांना तट्टाचें वय आणि तोंडांतला लगाम न पाहतां मुलाला वर बसवून छायाचित्र काढणारे कोण? आपणच, सुशिक्षित कुटुंबवत्सल मंडळी. १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्याखालीं १९६५ सालीं केलेल्या नियमांनीं खिळ्यांचा लगाम आणि अणकुचीदार काठी ह्यांना मनाई केलेली आहे. त्या नियमाची अंमलबजावणी करण्यास आपल्याला पोलिस लागत नाहीं. विसार देण्यापूर्वीं घोड्याचा ओठ उचलून पाहिला तरी पुरे. लगाम कांटेरी दिसला, जिभेवर व्रण दिसले, दुधाचे दांत अजून पडावयाचे दिसले, तर नवरदेवानें पायीं चालत जावें. त्यानें त्याची इभ्रत कमी होणार नाहीं. आणि दोन ठिकाणीं विसार परत गेला, कीं तिसऱ्या ठिकाणीं धनी शिंगराला आणखी दोन वर्षें वाढूं देईल. त्याला तसें करणें परवडेल अशी व्यवस्था, म्हणजे नीट शिकविलेल्या, पुऱ्या वयाच्या घोड्याला दोन रुपये अधिक, हीहि आपल्याच हातांत आहे. तेवढें करावयाचें नसेल, तर निदान परंपरेचें आणि भीमथडीचें नांव तरी आपण तोंडांतून काढूं नये.