गाडीबाहेरचा माणूस

गेल्या जूनमध्ये इंग्लंडला भाच्याकडे महिनाभर राहून आलो. लेस्टरच्या बाहेर एका शांत वसाहतीत त्याचे घर आहे. निवृत्त माणसाला परदेशातही पहाटेच जाग येते. घरच्यांची झोपमोड नको म्हणून एका शनिवारी हळूच दार उघडून बाहेर आलो, तर भाचा माझ्याही आधी उठून आपल्या गाडीच्या उघड्या बॉनेटखाली वाकलेला. गाडी जपानी बनावटीची, लाल, दोनच माणसे बसतील अशी स्पोर्ट्स कार. माझी सारी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात मोटारींचे पत्रे प्रेसवर दाबण्यात गेली. त्यामुळे कुठेही उघडे बॉनेट दिसले की माझे पाय तिकडे वळतात.

"सकाळी सकाळी काय काढलंयस रे?"

"दिवा का लागला ते बघतोय, मामा. रेझिस्टर सैल झालाय."

कसला रेझिस्टर, असे विचारल्यावर त्याने सगळे समजावून सांगितले. बॉनेटच्या मागच्या कडेला, बिजागऱ्यांजवळ, दोन्ही बाजूंना एकेक लहानशी नळकांडी होती. रस्त्यावर एखादा माणूस गाडीसमोर आला आणि धडक झालीच, तर बम्परमधले सेन्सर ती ओळखतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत नळकांड्यांतली दारू पेटते आणि बॉनेटची काचेकडची कड काही सेंटीमीटर वर उचलली जाते. धडकलेल्या माणसाचे पाय बम्परला लागतात, शरीर बॉनेटवर कोसळते आणि डोके पत्र्यावर आपटते. पत्रा पातळ असतो, तो दबतो. मात्र त्याच्या खाली दोन बोटांवर इंजिनचे घट्ट लोखंड असेल तर डोके थेट त्यावरच आपटल्यासारखे होते. बॉनेट वर उचलले गेले की मध्ये पोकळी राहते. तेवढी पोकळी कवटी वाचवू शकते.

भाच्याने या नळकांड्या बंद करून टाकल्या होत्या. नुसत्या वायरी काढल्या तर गाडीतल्या संगणकाला ते कळते आणि समोर धोक्याचा दिवा लागतो. म्हणून वायरींच्या टोकाला त्याने मण्याएवढे रेझिस्टर बसवले होते. ते असले की संगणकाला वाटते, नळकांड्या जागेवर आहेत, सर्व ठीक आहे. त्यातला एक सैल झाला होता, म्हणून बिचारा दिवा खरे बोलून गेला होता.

आता त्याची बाजूही ऐकायला हवी. भाचा बेफिकीर पोरगा नाही. रस्त्यावर वेगमर्यादा काटेकोर पाळतो. वेगाची हौस तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पैसे भरून, बंद जागेत भागवतो. इंग्लंडात सिल्व्हरस्टोन, डॉनिंग्टन, ब्रँड्स हॅच अशा शर्यतीच्या ट्रॅकवर सामान्य माणसालाही हेल्मेट घालून स्वतःची गाडी पळवता येते. जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर प्लॅस्टिकचे शंकू मांडून त्यांच्यामधून गाडी वळवण्याच्या स्पर्धाही होतात. मागच्या वर्षी अशाच एका स्पर्धेत एक शंकू त्याच्या बम्परला लागला. सेन्सरला शंकू आणि माणसाचा पाय यांतला फरक कळला नाही. धाडकन आवाज झाला आणि बॉनेट उचलले गेले. ही नळकांडी फटाक्यासारखी, एकदाच वापरायची. दोन्ही बदलायला घराच्या महिन्याच्या हप्त्याहून अधिक खर्च आला. ही यंत्रणा साधारणपणे शहरी वेगातच जागी असते, आणि नेमक्या त्याच वेगात शंकूंची स्पर्धा चालते.

"ट्रॅकवर कोण चालत येणार आहे, मामा?" त्याने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. झेंडे दाखवणारे स्वयंसेवक आणि गाड्या थांबतात तिथे वावरणारी माणसे सोडली, तर तिथे पादचारी नसतोच. मी मान डोलावली आणि सहज विचारले, "मग घरी येताना परत जोडतोस ना?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "दहा मिनिटांचं काम आहे. पण खरं सांगू? सप्टेंबरपासून तशाच आहेत."

म्हणजे नऊ महिने. या नऊ महिन्यांत गाडी ट्रॅकवर गेली असेल फार तर पाच-सहा दिवस. उरलेले सगळे दिवस ती ऑफिसला, बाजाराला आणि घरासमोरच्या त्या रस्त्यावरून गेली, जिथे चार वाजता शाळा सुटते.

मला भाच्याला दोषी ठरवायचे नाही. या नऊ महिन्यांत त्याने सीटबेल्ट एकदाही काढून ठेवला नाही, एअरबॅगला हात लावला नाही. त्या गोष्टी त्याच्या स्वतःसाठी होत्या. जी एकच वस्तू दुसऱ्या कुणासाठी होती, तिचाच त्याला विसर पडला. हा स्वभाव एकट्या त्याचा नाही, मोटारीच्या साऱ्या इतिहासाचाच आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर चालली होती. तिथे लोकांना मोटारीची फेरी मारून दाखवण्याचा प्रयोग सुरू होता. त्यातल्या एका गाडीखाली ती सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने मेलेली ती पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत अपघाती मृत्यू असा निकाल लागला आणि पुन्हा असे कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली. ध्यानात घेण्याजोगे म्हणजे ती जागाही वाहतुकीचा हमरस्ता नव्हती, हौसेने गाड्या पळवून दाखवण्याची होती. तिथे कोण चालत येणार, असे तेव्हाही कुणाला वाटले असेल.

पुढे गाडीतल्या माणसाची काळजी घेतली गेली. व्होल्वोच्या निल्स बोहलिन या अभियंत्याचा तीन ठिकाणी अडकवायचा सीटबेल्ट १९५९ साली गाडीत आला. गाडीबाहेरच्या माणसाला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. गाडीचा पुढचा भाग पादचाऱ्याला कमी इजा करील असा असावा, हा युरोपचा नियम २००३ साली झाला आणि २००५ पासून नव्या मॉडेलना लागू झाला. २००४ च्या होंडा लेजंडमध्ये उचलले जाणारे बॉनेट होते. २००५ साली सित्रोएन सी-६ ही युरोपच्या तपासणीत पादचारी सुरक्षेचे चार तारे मिळवणारी पहिली गाडी ठरली, तीही अशाच बॉनेटमुळे. पहिल्या सीटबेल्टनंतर ४० वर्षांहून अधिक काळ गेला होता.

पत्र्याच्या धंद्यातला माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो. उंच बॉनेटच्या साध्या गाडीत पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये जागा ठेवता येते. स्पोर्ट्स कारचे सौंदर्य तिच्या बसक्या, जमिनीलगतच्या बॉनेटमध्ये असते. तिथे जागा उरत नाही, म्हणून धडकेच्या क्षणी ती निर्माण करणारे यंत्र लागते. ते बसक्या नाकाच्या बदल्यात रस्त्यावरच्या माणसाला दिलेले देणे आहे. यंत्र बंद करणारा सौंदर्य ठेवून घेतो आणि देणे बुडवतो. ज्याचे बुडते त्याला पत्ताही नसतो, कारण तो त्या घटकेला कुठेतरी भाजीची पिशवी घेऊन निघालेला असतो.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट आठवते आणि ती लपवणे बरे नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी मी एक जीपवजा गाडी घेतली आणि हौसेने तिला पुढे जाडजूड लोखंडी गार्ड बसवून घेतला. गल्लीच्या वळणावर एका सकाळी दूधवाल्याची सायकल आडवी आली. वेग फारसा नव्हता, पण त्याच्या नडगीचे हाड मोडले. मी त्याला दवाखान्यात नेले, प्लॅस्टरचा खर्च केला, सगळे रीतसर केले. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला मात्र पहिले वाक्य बोललो ते असे: "गार्ड होता म्हणून गाडीला काही झालं नाही." ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. नंतर कित्येक महिने दूध घ्यायला दार उघडताना ते वाक्य मला आठवायचे.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की असे गार्ड बसवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन आहे. तेव्हा कुठे माझा गार्ड निघाला. म्हणजे शहाणपणाने नव्हे, दंडाच्या भीतीने. याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. २०२३ साली आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही गाड्यांची तपासणी सुरू झाली, ही चांगलीच गोष्ट. पण तिच्या सुरुवातीच्या आराखड्यातले तारे होते ते गाडीत बसलेल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी. गाडी घेताना आपणही तेच तारे मोजतो. शोरूममध्ये उभे राहून 'ही गाडी समोरच्या माणसाला कितपत लागेल?' असे विचारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, मग हौशी माणसाने ट्रॅकवर जाऊच नये काय? जरूर जावे. रस्त्यावर वेग काढण्यापेक्षा ते शतपटीने बरे. तिथे नळकांड्या तात्पुरत्या बंद ठेवल्या तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती दिवा फसवण्याला. चाके घसरू न देणारी यंत्रणा बंद करण्याचे बटण कित्येक गाड्यांत असते आणि गाडी पुन्हा सुरू केली की ती यंत्रणा बहुधा आपोआप चालू होते. बॉनेटसाठीही कंपन्यांनी तशीच सोय द्यावी. बंद असेपर्यंत दिवा लागलेला राहावा आणि गाडी पुन्हा सुरू करताच यंत्र आपले आपण कामाला लागावे. तोवर ट्रॅक चालवणाऱ्यांनी आत सोडताना हेल्मेट तपासावे तसे बाहेर सोडताना एवढे विचारावे की वायरी जोडल्या का.

"पटतंय, मामा," भाचा म्हणाला, "पण परतीच्या रस्त्यात एखादा कोल्हा आडवा आला आणि ती पुन्हा उडाली, तर एवढा खर्च कोणी करायचा?"

"ज्याने हौस केली त्याने," मी म्हणालो. "कोल्ह्याच्या जागी माणूस असला तर त्याच्याकडून थोडाच घेणार आहेस?"

तो हसला, पण पुढे बोलला नाही. दुपारी मी खिडकीपाशी चहा घेत होतो. बाहेर बॉनेट पुन्हा उघडे होते आणि तो आत वाकून काहीतरी करत होता. मी घड्याळ पाहिले. चार वाजायला दहा मिनिटे कमी होती.