लॅमिंग्टन रोडची सीडी आणि खिशातलं कार्ड

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत एक छोटी फाइल येते. काय करायचं ते तीत क्रमाने लिहिलेलं असतं. पहिली सूचना बहुतेक वेळा ठरलेली: अँटिव्हायरस बंद करा. दुसरी: सोबतचा प्रोग्राम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवा. गिरगावात ठाकूरद्वारपासून सी. पी. टँकपर्यंतच्या गल्ल्यांत लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि वर्गणीची पावतीपुस्तकं जुळवणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत या सूचना वर्षानुवर्षं बिनबोभाट पाळल्या गेल्या. राखणदाराला सुट्टी द्यायची आणि कोण कुठला ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा, असा हा व्यवहार. त्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळी दुकानाचं बँकखातं उघडलं जातं, कागदवाल्याचे पैसे चुकते होतात. कार्डाचा नंबर लक्षात ठेवू का, असं ब्राउझर विचारतो आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं.

रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण लोकांच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच. मुंबईतल्या कितीतरी घरांनी आपला पहिला कॉम्प्युटर तिथून जुळवून आणला. मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट यांच्या भावाची घासाघीस व्हायची आणि शेवटी दुकानदार म्हणायचा, ‘विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून देतो.’ त्याचे वेगळे पैसे पडत नसत. पडलेच तर सीडीपुरते. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने नकली मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांची जी यादी काढली, तीत लॅमिंग्टन रोडचं नाव येऊन गेलं आहे. त्या रस्त्यावरच्या कारागिरांचं कसब वादातीत आहे. मेलेला बोर्ड जिवंत करणारे हात तिथे आजही आहेत. प्रश्न त्या ‘टाकून देतो’ने लावलेल्या सवयीचा आहे. सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला, मग डाउनलोडची लिंक आली. सवय तीच राहिली.

आणि या सवयीचा भाव आता कळू लागला आहे. ‘इन्फोस्टीलर’ नावाचा जो मालवेअर आज जगभर धुमाकूळ घालतो, त्याच्या पसरण्याचा एक मोठा रस्ता क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचाच आहे. तो स्क्रीन काळी करत नाही, खंडणी मागत नाही. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, कार्डाचे आकडे आणि लॉगिनच्या खुणा काही सेकंदांत उचलतो आणि गप्प बसतो. मे २०२५ मध्ये ‘लुमा’ नावाच्या अशाच एका इन्फोस्टीलरचं जाळं मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी मिळून तोडलं, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांत विंडोजवर चालणारे ३ लाख ९४ हजार कॉम्प्युटर बाधित झाल्याचं आढळलं होतं.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. त्याचं नाव काढलं की पहिला आक्षेप हटकून येतो: फुकटचं ते हलकं. बँकेचं काम असल्या सॉफ्टवेअरवर कुणी करतं का?

इथे मराठी माणसाला एक सोय आहे, ती त्याने वापरावी. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी राबतो. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून त्यांना खुलासा करत राहावं लागलं की बोलणं पैशांबद्दल नसून स्वातंत्र्याबद्दल आहे. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. लॅमिंग्टन रोडची सीडी फुकट होती. तिच्या आत काय आहे हे पाहायची मुभा कुणालाही नव्हती, आणि क्रॅक करणाऱ्याने आणखी काय घुसवलं तेही दिसत नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअर कुणीही चालवावं, उघडून अभ्यासावं, इतरांना द्यावं, सुधारून पुन्हा वाटावं, असा लेखी परवानाच त्यासोबत येतो. ते हलकं असतं तर नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक एकजात लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालले नसते. इतकं लांब जायलाही नको. दादरच्या फलाटावर ज्याच्या त्याच्या हातात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याचा गाभा लिनक्सच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. आतली रचना सगळ्यांना दिसते म्हणजे चोरालाही दिसते. मग उघड्या घराला कुलूप कसलं? वरवर बिनतोड वाटणाऱ्या या युक्तिवादाचं उत्तर १८८३ सालचं आहे. ऑगुस्त केरखॉफ यांनी लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना असं मांडलं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित राहावं ते फक्त किल्लीचं. आज बँकेचं संकेतस्थळ आणि ग्राहक यांच्यातला मजकूर ज्या पद्धतींनी सांकेतिक केला जातो, त्या सगळ्या छापील आणि जाहीर आहेत. वर्षानुवर्षं जगभरच्या गणितज्ञांनी त्यांवर घाव घालून पाहिले आणि त्या टिकल्या, हाच त्यांच्यावरच्या विश्वासाचा आधार.

अर्थात उघड असलं की आपोआप कुणीतरी तपासतंच, असं समजणं भाबडेपणाचं होईल. एप्रिल २०१४ मध्ये मजकूर सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधलं ‘हार्टब्लीड’ हे भगदाड जाहीर झालं, तेव्हा ते दोन वर्षं तिथेच होतं आणि इंटरनेटचा मोठा हिस्सा त्या सॉफ्टवेअरवर विसंबून होता. मार्च २०२४ चा प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पात कुणीतरी दोनेक वर्षं सज्जनपणे काम करून विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि चोरदरवाजा जगभर पसरण्याआधी पकडला गेला. त्याला आत डोकावता आलं कारण आतलं सगळं वाचता येत होतं. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने कंपनीला तक्रारीची ईमेल लिहिली असती आणि वाट पाहिली असती.

बंद सॉफ्टवेअरवाल्यांचा इतिहासही स्वच्छ नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडावर १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती, तरी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर मालवेअरने दुरुस्ती न केलेल्या मशीन गाठल्याच. नक्कल उघडी पडेल या धास्तीने क्रॅक विंडोजवाले अपडेटच बंद करून ठेवतात. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला, तो मात्र युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. त्याचा तडाखा समुद्रापलीकडे न्हावा शेवापर्यंत पोचला आणि जेएनपीटीतल्या एका टर्मिनलवर कंटेनरची कामं खोळंबली. म्हणजे पैसे मोजून घेतलं की निर्धास्त, हेही खरं नाही.

आता तिसरा समज. तो फार निष्ठुर आहे, आणि पांढरपेशा घरांत जास्त आढळतो: फसतो तो मूर्ख तरी असतो किंवा लोभी. हा समज जितक्या लवकर जाईल तितकं बरं, कारण त्याच्यामुळेच फसलेली माणसं तोंड लपवतात आणि तक्रारीची वेळ निघून जाते. २०१३ मध्ये मुंबई पोलीस दलातल्याच कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या खात्यांतून ग्रीसमध्ये पैसे काढले गेले. इथे एटीएममध्ये त्यांच्या कार्डांची नक्कल झाली होती. त्यांनी कोणता लोभ केला? २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बँकांना तब्बल ३२ लाख डेबिट कार्डांबाबत बंद करण्याची किंवा पिन बदलायला सांगण्याची वेळ आली, कारण एटीएम यंत्रणेतच मालवेअर शिरला होता. आणि पुण्याची कॉसमॉस बँक तर मराठी मध्यमवर्गाची घरची बँक, १९०६ सालची. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिथून ९४ कोटींवर रक्कम गेली. चोरांनी पैसे काढण्याच्या मागण्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे पोचूच दिल्या नाहीत. मधे आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक मागणीला ‘मंजूर’ म्हणत राहिली. नक्कल केलेली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. यातल्या एकाही खातेदाराच्या घरी लिनक्स असतं म्हणून काहीही फरक पडला नसता.

हे वाक्य मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना झोंबेल, पण ते ऐकायला हवं. ‘लिनक्स टाका आणि निश्चिंत व्हा’ हा त्यांचा प्रचार अर्धसत्य आहे. आजचा भामटा मशीन फोडायला बसत नाही, तो माणसाला गाठतो. पैसे ‘मिळण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगतो, जेव्हा पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. वीज आज रात्री कापणार असा निरोप पाठवतो. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल धाडतो, जी फोनवरचे ओटीपी वाचू लागते. पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतो; २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्यावर बोलावं लागलं. दूरवरून स्क्रीन ताब्यात घेणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं, आणि तशी ॲप मुक्त परवान्याचीही आहेत. इतकंच काय, २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरच हल्लेखोरांनी डाउनलोडची लिंक बदलून चोरदरवाजा असलेली फाइल ठेवली होती. मिंटवाल्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून ते जाहीर केलं, हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर ज्यांनी ती फाइल उतरवली, ते फसलेच.

मग मुक्त सॉफ्टवेअरची बाजू उरते कुठे? एका ठोस जागी उरते: ते क्रॅकची गरजच संपवतं. लिब्रेऑफिस अधिकृतपणे मिळतं, म्हणून अँटिव्हायरस बंद करा सांगणारी फाइल उघडायची वेळ येत नाही. कीपासएक्ससी पासवर्ड सांभाळतं, म्हणून ते ब्राउझरमध्ये ठेवावे लागत नाहीत. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन लावलं की बँकेच्या मदतकेंद्राचा नंबर शोधताना वर येणाऱ्या बनावट जाहिराती दिसतच नाहीत. शोध घेताना जाहिराती रोखणारी जोड वापरा, असा सल्ला खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये दिला आहे. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सोसायट्यांच्या ऑफिसांत आणि मंडळांच्या खोल्यांत विंडोज ११ न पेलणाऱ्या ज्या मशीन पडून आहेत, त्यांना लिनक्स नवं आयुष्य देऊ शकतं, आणि तेही चालू अपडेटसकट.

गिरगावच्या डीटीपीवाल्याचा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि तो उडवून लावणाऱ्यांनी त्या खुर्चीत एक दिवस बसून पाहावं. त्याच्याकडे वीस-वीस वर्षांच्या पत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेल्या आहेत. नव्या यंत्रणेत उघडल्या की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. छापखाना कोरलचीच फाइल मागतो. स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट बसायला जानेवारी २०२४ ची १.६ उजाडली. इतका उशीर झाला हा मुक्त सॉफ्टवेअरचा दोषच. पण आज परिस्थिती बदलली आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे सुरेख देवनागरी फाँट मुक्त परवान्यावर आहेत, इंकस्केपमध्ये पत्रिका जुळते आणि पीडीएफ छापखान्यात चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. गणेशोत्सवाआधी मंडळाच्या खोलीत किंवा दादरच्या एखाद्या वाचनालयात चार रविवार हे धडे लावले तर कितीजणांची क्रॅकपासून सुटका होईल!

कार्डाचं रक्षण हा वेगळा भाग, तिथे नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत आणि ते माहीत असणं हीच अर्धी लढाई. २०२० पासून कार्डाचे परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. परदेशी न जाणाऱ्याने तो खटका बंदच ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची नसेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने बँकेला कळवलं, तर त्याच्यावर एक पैशाचीही जबाबदारी येत नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर आहे. त्याने स्वतः ओटीपी सांगितला असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून लाज बाळगून घरात बसू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर त्याच क्षणी फिरवावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि मधेच गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच. शाखेत दिलेल्या अर्जाची पोच शिक्क्यासह, तारीख-वेळ घालून घ्यावी.

डीटीपीवाल्याला सोमवारपासून करण्यासारखं एक काम आहे. जुन्या पत्रिकांचं मशीन टाकायचं नाही. त्यावर कोरल आणि जुने फाँट राहू देत, पण त्याची नेटची वायर काढायची आणि वायफाय बंद करायचं. फाइल पेन ड्राइव्हवरून बाहेर येईल, दोन मिनिटं जास्त जातील. त्या जुन्या मशीनवरून उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलायचे. बँकेसाठी कोपऱ्यात धूळ खात पडलेला दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर लिनक्स घालायचं, आणि त्यावर पत्रिका, पेन ड्राइव्ह, गाणी काही म्हणून लावायचं नाही.