कापडाचं गाव अन् अंगाला न बसणारा कपडा

मंडळी, आजचा विषय वाचून काही जण हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी सायकलिंगचा ड्रेस ऑनलाइन मागवला. तक्ता पाहून एल साइज घेतली. टी-शर्ट पोटावर ताणलेला, बाह्या कोपराखाली. पॅडवाली पॅन्ट मांडीत ढिली, त्यामुळे पॅड जागेवर राहीचना. टोलनाक्यापासून अमरावती गाठेपर्यंत जांघा सोलून निघाल्या. विकणारे म्हणाले, घातलेला कपडा परत घेत नाही.

मग आपल्या टेलरभाऊकडे गेलो. ते म्हणे, "भाऊ, शिवून देतो मी, पण टाका टिकत नाही याच्यावर." खरंच होतं त्यांचं. कापड ताणते, साध्या सरळ शिलाईचा दोरा ताणत नाही, तो तुटते. अशा कापडाले गोल टोकाची सुई अन् झिगझॅग किंवा ओव्हरलॉकचा टाका लागतो. पॅडला कात्री लावायची नाही, मांडीच्या बाजूची शिलाई आत घ्यायची. अन् माप उभं राहून घ्यायचंच नाही! सायकलवर वाकलं की टी-शर्ट मागून वर चढतो अन् पोटावर गोळा होतो. शेवटी दुकानासमोर सायकल स्टँडवर लावली, मी वर बसलो, भाऊंनी टेप लावला. येणारेजाणारे पाहत होते. तीन चकरा झाल्या, पण आता ड्रेस अंगाला बसला.

माझं ठीक आहे, माझा शौक आहे. रोज सायकलनं शाळेत जाणाऱ्या पोरींचं काय? सलवारची मोहरी चेनमध्ये अडकते, ओढणी चाकात जाते. चेनकव्हर तर अर्ध्या सायकलींचं कधीच गळून गेलेलं असते. मागास तालुक्यांत सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देते, चांगलीच गोष्ट. पण सायकलवर बसून कोणता कपडा घालायचा, हे कोणी विचारलं? मोहरी अरुंद करून बटणपट्टी लावायची, ओढणीऐवजी जॅकेट द्यायचं. खर्च किती? जवळपास काहीच नाही.

अन् हे कुठं होत नाही? नांदगाव पेठेत! जिथल्या एमआयडीसीत कापडाच्या गिरण्या आहेत. 20 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून ज्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी केली, तो 1000 एकरांचा पार्क आपलाच. धाग्यापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एका जागी होणार म्हणतात. होवो बाप्पा. पण रोजगाराच्या नावाखाली आपल्या बायांना फक्त सरळ शिलाईच शिकवली, तर ताणणाऱ्या कापडाचं काम बाहेरचेच करतील. प्रशिक्षणात लायक्रा, ओव्हरलॉक अन् फिटिंग दुरुस्ती पाहिजे. गावातल्या टेलरभाऊंनाही बसवा त्यात, त्यांचा हात आधीच तयार आहे.

माप न घेता शिवलं की काय होते, ते 2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश'नं दाखवलं. कोणाला आखूड, कोणाला ढगळ. शेवटी गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला.

म्हणजे आठवीपर्यंत तरी मोहरी किती ठेवायची, हे आता आपल्याच हातात आहे. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढतो. ज्यांच्या पोरी सायकलनं जातात, त्या पालकांनी सोबत यावं, अन् पोरींनाही आणावं.