डिस्कचे माप कोणाच्या मालकीचे?

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि रायगडचा किनारा मुंबईच्या मोटारींना तासाभराच्या अंतरावर आला. शनिवारी-रविवारी मांडव्याच्या जेटीवर ज्या गाड्या उतरतात, त्यांमध्ये दोन-सव्वादोन टन वजनाच्या उंची ‘एसयूव्ही’ गाड्या डोळ्यांत भरतात. पुण्याकडील अशाच गाड्या बोर घाट किंवा ताम्हिणी उतरून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे येतात. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही या किनाऱ्यावर येऊन दाखल झाला आहे. ब्रेकची डिस्क झिजली आणि बदलावयाची वेळ आली, तर नव्या डिस्कचे नेमके माप कोणते आणि ते कोणी, कशाच्या आधारे ठरवावयाचे? प्रश्न वरकरणी गॅरेजमधला आहे. त्याचे उत्तर मात्र घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या जीविताशी निगडित आहे.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळतात आणि गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. २,२०० किलो वजनाची गाडी घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा तीन युनिट विजेइतकी भरते. एक किलोवॅटची शेगडी तीन तास पेटती ठेवावी तितकी. यातील काही भाग वाऱ्याचा विरोध आणि खालच्या गिअरमधील इंजिन घेते. उरलेला भार मुख्यतः चार डिस्कांना पचवावा लागतो. डिस्क ठरल्याहून लहान किंवा पातळ असेल तर धातू कमी आणि म्हणून तापमान लवकर चढते. पॅडची पकड सुटू लागते, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली रिकामे दबत जाते. सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने खपून गेलेली चूक उतारावर काही मिनिटांत उघडी पडते.

गाडीचे नाव आणि साल सांगितले की माप कळेल, अशी मालकाची सहज समजूत असते. ती खरी नाही. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या दुसऱ्या पिढीत पुढच्या डिस्क ३३२, ३४८ आणि ३६५ मिलिमीटर अशा निरनिराळ्या व्यासांच्या आढळतात. ऑडी क्यू७ च्या पहिल्या पिढीत ३३० मिलिमीटरच्याही आहेत आणि ३५० च्याही. इंजिन कोणते आणि मागणी नोंदविताना कोणती ब्रेक-रचना घेतली, यांवर ते अवलंबून असते. शिवाय व्यास जुळला म्हणजे काम झाले, असेही नाही. नव्या डिस्कची जाडी, तिच्या मधल्या टोपीची उंची, हबवर बसणाऱ्या भोकाचा व्यास, बोल्टांची संख्या आणि त्यांचे अंतर, हे सारे जुळावे लागते. टोपीची उंची थोडी चुकली की डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही. व्यास थोडा कमी भरला की पॅडचा काठ हवेत लोंबतो आणि तेवढा भाग न झिजता तसाच राहतो. अशी डिस्क कधीकधी बसतेसुद्धा. आणि बसते म्हणूनच ती अधिक धोक्याची.

मग जुनी डिस्क मोजून घ्यावी, असे कोणी म्हणेल. येथे समुद्रकिनारा आडवा येतो. खाऱ्या हवेत बिडाला गंज चढण्यास वेळ लागत नाही, आणि बंगल्याच्या आवारात आठवडे-आठवडे उभी असलेली गाडी तर त्याला आयतीच सापडते. काठावर चढलेला गंजाचा थर व्यासाचे माप फुगवितो. घासणाऱ्या पृष्ठभागाच्या कडेला न झिजलेली वळी राहते. व्हर्नियर त्या वळीवर टेकला की झिजलेली डिस्कही जाड भासते. तेथे मायक्रोमीटरच हवा. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर ‘मिन टीएच’ या अक्षरांपुढे एक आकडा कोरलेला असतो. गंजाखाली तो पुष्कळदा वाचताही येत नाही. वाचता आला तरी एक फसगत उरतेच. तो आकडा नव्या डिस्कच्या जाडीचा नसतो; ज्याच्या खाली डिस्क वापरू नये, अशा किमान जाडीचा असतो. तोच नव्या मापाचा समजून कोणी मागणी नोंदविली, तर हव्या त्या डिस्कऐवजी भलतीच हाती येईल.

खात्रीचा मार्ग एकच आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत सतरा अक्षरांचा आणि अंकांचा चासी क्रमांक असतो. उत्पादकाच्या सुट्या भागांच्या सूचीत तो घातला की त्या विशिष्ट गाडीला कारखान्यात कोणती डिस्क बसविली होती, हे तिच्या भाग-क्रमांकासह कळते. फोक्सवॅगन आणि ऑडी यांच्या गाड्यांत सामानाच्या कप्प्यातील चिकटपट्टीवर आणि सर्व्हिस पुस्तिकेत ‘पीआर’ संकेत छापलेले असतात; ब्रेकचा संकेत त्यांतच असतो. प्रथम चासी क्रमांकावरून भाग-क्रमांक शोधावा, मग जुन्या डिस्कशी माप ताडून पाहावे, आणि आधीच्या मालकाने ब्रेक-रचना बदललेली नाही ना याची खात्री करून घ्यावी. डिस्क एका धुरीवर जोडीनेच बदलाव्यात आणि पॅडही त्यांच्याबरोबर नवे घालावेत. यात गूढ असे काहीच नाही.

अडचण पुढे आहे. ही सूची आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती कोणाच्या हाती असते? यातील मर्सिडीज गाड्या चाकणला जोडल्या जातात, ऑडी शेंद्र्याला. म्हणजे गाडी महाराष्ट्रात जोडली जाते, रायगडच्या रस्त्यांवर झिजते. परंतु तिच्या डिस्कचे माप पेण किंवा माणगावच्या मेस्त्रीला अधिकृतपणे सहज मिळेल, याची शाश्वती नसते. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे नेमकी हीच तक्रार गेली होती. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांच्या बाहेर जाऊ देत नाहीत, असा तिचा आशय होता. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि स्वतंत्र गॅरेजांना भाग व माहिती उपलब्ध करून देण्यास फर्मावले. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू याही त्या चौदांत होत्या. आदेशाविरुद्ध अपिले झाली, वाद लांबला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारी होत्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघात स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना वाजवी शुल्कात ही माहिती पुरविणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच तसा कायदा केला.

ब्रेकसारखा जोखमीचा भाग अर्धवट शिकलेल्या हातांत देणे धोक्याचे आहे, असे कंपन्यांचे म्हणणे असते. ते सर्वस्वी खोटे नाही. अकुशल हात अपघात घडवू शकतात, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु माहिती रोखल्याने ते हात थांबत नाहीत. हमीची मुदत संपलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली गाडी जवळच्या गॅरेजातच जाते. तेथे सूची नसेल तर अंदाज असतो, आणि अंदाजाने बसविलेली डिस्क घेऊन ती घाट उतरते. तिच्यापुढे एसटी असेल, लग्नाचा टेम्पो असेल, दुचाकीवरचे कुटुंब असेल. त्यांनी ती गाडी घेतलेली नसते की तिची डिस्क निवडलेली नसते. सुरक्षिततेचे कारण पुढे करून माहिती दडविणाऱ्यांनी या मंडळींच्या सुरक्षिततेचा हिशेबही मांडावयास हवा.

गाडीच्या गुपितांत जी कंपनीची बौद्धिक मालमत्ता असेल, ती तिने खुशाल जपावी. परंतु डिस्कचा व्यास, जाडी, किमान जाडी आणि भाग-क्रमांक यांत जपण्याजोगे गुपित कोणते? चासी क्रमांक दिला की एवढी चार माहिती कोणालाही विनामूल्य मिळावी, असे बंधन केंद्राने कायद्याने घालावे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे माप शोधण्याचा आणि मायक्रोमीटर धरण्याचा धडा आपल्या मोटार मेकॅनिकांना द्यावा. लाखोंची गाडी घेणाऱ्या मालकानेही जुन्या डिस्कची पावती नि भाग-क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत जपावा; स्वस्तात मिळालेली ‘बसणारी’ डिस्क त्याने नाकारावी. डिस्क अधिकृत गॅरेजात बसविली की आळीतल्या मेस्त्रीकडे, याच्याशी घाटाच्या उताराला काही कर्तव्य नसते. तिचे माप बरोबर आहे की नाही, एवढेच तो पाहतो.