बाटली एका पोरासाठी फोडा

हे संपादकीय घोटीत बसून लिहितोय. गोदीत चार खाडे झालेत. बहिणीच्या पोराला गोवर निघालाय. सव्वादोन वर्षांचं पोरगं. डोळे लालभडक, नाक वाहतंय, कानामागून निघालेलं पुरळ पोटापर्यंत उतरलंय. आजीनं दाराला कडुलिंबाचा पाला खोचलाय. म्हणते, बाई आलीया घरात, सुई टोचू नका, कोपंल.

आजीवर काय चिडू? तिला दवाखान्यापेक्षा कडुलिंब जवळ.

बहीण टाळत होती असं नाही. नऊ महिने भरल्यावर पहिली लस झाली. त्या एका डोसानं १०० पैकी ८५ च्या आसपास पोरं वाचतात, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा. त्यासाठी ती भातलावणी सोडून, पोर काखेत मारून एका केंद्रावर गेली. तिथली बाई म्हणाली, पाच पोरं जमू दे, मग बाटली फोडते. ही लस एकदा कालवली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. वरचा साहेब विचारतो, डोस वाया का गेले? बाई तरी काय करणार. बहीण दुपारपर्यंत बसली, रोज बुडाला, पुन्हा गेली नाही. पाऊस सरला, बिऱ्हाड वीटभट्टीवर गेलं. कार्ड घोटीत, पोर भट्टीवर. आता तापानं फणफणलेलं पोर घेऊन परत आलीय.

गोवराचा एक रोगी बिनलशीच्या माणसांत १२ ते १८ जणांना रोग देतो. तो खोलीतून निघून गेला तरी दोन तास हवेत विषाणू राहतो. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं. हिशेब करा. म्हणून वस्तीतली १०० पैकी ९५ पोरं टोचलेली हवीत. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवर पसरला तो गोवंडीपासून, मलबार हिलपासून नाही. मालेगाव, भिवंडीतही पसरला. पोरं मेली, तेव्हा जादा डोस घेऊन माणसं गल्लीत फिरली. आधी कुठं होती?

आपल्यातलेच काही म्हणतात, सरकारी सुई नको, पोरं वांझ होतील. ही भीती आभाळातून पडली नाही. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. पण ही ती सुई नव्हे. गोवराची लस १९८५ पासून सरकारी कार्यक्रमात आहे, पुण्यात बनते, फुकट मिळते. मालकाचं पोर वेळेवर टोचून येतं. नकार आपण द्यायचा आणि मरायचीही आपलीच पोरं, हे कसलं बंड?

प्रत्येक छावणीनं आपल्या गल्लीची वही करावी. कुणाचा दुसरा डोस राहिला, कोण भट्टीवर गेलं, कोण परत आलं. पाच पोरं आपण जमवू. नाही जमली तर केंद्राच्या दारात बसू, पण एका पोरासाठीही बाटली फोडून घेऊ. चार डोस वाया गेले तर वरचा साहेब जाब विचारतो. पोर बिनडोसाचं घरी गेलं तर कुणीच विचारत नाही!

डॉक्टरनं काल 'अ' जीवनसत्त्व पाजलं, आज दुसऱ्यांदा. पोरगं पेज प्यायलं. आजीनं पाला काढला नाही, राहू दे. शेजारच्या तीन पोरांची कार्डं मागवलीत. दोन मिळाली, तिसरं अजून शोधतायत.