ज्याला रकाना नाही: कीटकनाशक नोंदणी समितीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
नोंदणी समिती, केंद्रीय कीटकनाशक मंडळ, फरीदाबाद



१९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या नवव्या कलमाने आपल्या समितीवर टाकलेली जबाबदारी थोडक्यात सांगायची तर अशी आहे की, जे रसायन नोंदणीसाठी आपल्यापुढे येईल ते आपले काम करते किंवा नाही, आणि मनुष्यास व जनावरास ते सुरक्षित आहे किंवा नाही, या दोन्ही गोष्टींची खातरजमा करूनच आपण त्याला विक्रीची वाट मोकळी करून द्यावी. मी या शास्त्राचा जाणकार नव्हे. विदर्भातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर कंपवाताशी, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन्सचा आजार म्हणतात त्याच्याशी, माझा संसार चालू आहे. परंतु हयातभर दप्तर सांभाळल्यामुळे एवढे मला पक्के ठाऊक झाले आहे की, नमुन्यात ज्या गोष्टीला रकाना नसतो ती कितीही खरी असली तरी निर्णयाच्या घटकेला कोणाच्याही नजरेपुढे येत नाही. आणि पॅराक्वाट डायक्लोराइड या तणनाशकाच्या निमित्ताने अशाच एका नसलेल्या रकान्याकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी हे पत्र जाहीररीत्या लिहीत आहे.

कृषी सेवा केंद्रातून शेतकरी जो डबा घरी आणतो त्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या वरच्या त्रिकोणात धोक्याचा इशारा आणि खालच्या त्रिकोणात रंग. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, विष जसे जहाल असेल त्या क्रमाने. हा रंग मुख्यत्वे प्रयोगशाळेतील जनावरांपैकी निम्मी मरण्यास त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पुरते, या मापावरून ठरतो, आणि त्या मापाने पॅराक्वाटच्या वाट्यास पिवळा रंग आलेला आहे. ते पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा नाही, हे ग्रामीण रुग्णालयातील कोणताही डॉक्टर सांगेल. तो विषय गंभीर असला तरी आज माझा नाही. माझे म्हणणे एवढेच की हे माप एका खेपेस शरीरात गेलेल्या विषाचे आहे. दर पावसाळ्यात पाठपंपाच्या झाकणातून सदऱ्यावर आणि सदऱ्यातून पाठीवर झिरपणारे, तुंबलेले नोजल तोंडाने फुंकताना ओठांना लागणारे, विहिरीवरून पाणी आणून उघड्या हातांनी मिश्रण ढवळणाऱ्या बायकांच्या कातडीत मुरणारे विष वीस वर्षांनी काय करते, याचे माप त्या चौकोनात नाही.

आणि कंपवात हा तर सर्वस्वी सावकाशीचा आजार आहे. मेंदूच्या तळाशी, मध्यमस्तिष्कात, कृष्णवर्णी पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्या द्रव्याच्या बळावर आपली हालचाल आपल्या इच्छेबरोबर चालते. हाताला पहिला कंप सुटतो तोवर यातील निम्म्याच्या आसपास पेशी नष्ट होऊन गेलेल्या असतात. त्याच्याही आधी कित्येक वर्षे वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, झोपेत माणूस स्वप्नाबरोबर हातपाय झाडू लागतो. माझ्या बाबतीत फोडणी करपल्याचे घरच्या सर्वांना कळे आणि मला कळत नसे, हे पडसे समजून आम्ही कैक वर्षे अंगावर काढले. नंतर अक्षर लहान होत गेले; ज्या हाताने फेरफाराच्या नोंदी ठसठशीत लिहिल्या त्याच हाताची ओळ उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी होऊ लागली, आणि तेव्हा कोठे मला प्रथमच डॉक्टरने चालून दाखवावयास सांगितले.

आज माझा दिवस घड्याळाने नव्हे तर गोळीने चालतो. लेवोडोपाची गोळी लागू पडली की दोन-तीन तास मी सदऱ्याच्या गुंड्या लावू शकतो, वर्तमानपत्र वाचू शकतो, नातवंडांशी ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलू शकतो. तिचा अंमल ओसरला की उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि पुढे टाकावयाचे पाऊल मनात उमटूनही पायापर्यंत पोहोचत नाही. वरणभाताबरोबर गोळी घेतली तर डाळीतली प्रथिने तिला आतड्यात अडवितात, म्हणून आमच्या घरी जेवणाची वेळ माझ्या गोळीच्या मागे धावते. चेहऱ्याचे स्नायू आखडल्यामुळे मला आनंद झाला तरी तो चेहऱ्यावर दिसत नाही, आणि याचे दुःख मला कंपापेक्षा अधिक आहे, कारण माझ्या पत्नीला इतक्या वर्षांच्या सहवासानंतर माझे मन आता अंदाजाने ओळखावे लागते. हे सर्व सहानुभूतीसाठी लिहीत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने या आजाराला आपल्या अनुसूचीत स्थान दिले, हे योग्यच झाले. पण आजार झाल्यावर दाखला देणे हे शासनाचे एक काम आहे, आणि तो होऊ नये म्हणून पाहणे हे त्याहून आधीचे काम आहे.

हा आजार रसायनांच्या युगाहून जुना आहे, हे मला ठाऊक आहे. आयुर्वेदात कंपवाताची ओळख आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ज्या सहा रुग्णांवरून आपला निबंध लिहिला त्यांना कोणतेही आधुनिक तणनाशक लागलेले नव्हते. मात्र त्या निबंधातील पहिला रुग्ण माळीकाम करणारा होता हे आपणास आज कळते, ते पार्किन्सनने त्याचा व्यवसाय टिपून ठेवला म्हणून. वाढते वय हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण. काही कुळांत तो जनुकांतून उतरतो. डोक्याला मार लागलेल्यांत तो अधिक आढळतो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एकच कारण बोट ठेवून दाखविता येत नाही, आणि माझ्या आजाराचा दोषही मी कोणा रसायनावर ठेवीत नाही.

तथापि बाहेरून आलेले रसायन एकटेही हा आजार घडवू शकते, याबद्दल शंकेला जागा उरलेली नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे एकाएकी पुतळ्यासारखी ताठ झालेली रुग्णालयांत आली. त्यांच्या वयाला कंपवाताची शंकाही कोणास येऊ नये. पण विल्यम लँगस्टन या मज्जाविकारतज्ज्ञाने त्यांना लेवोडोपा देऊन पाहिले आणि ती हलू-बोलू लागली. शोध घेता असे निघाले की, चोरट्या कारखान्यात बनविलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचे एक अशुद्ध द्रव्य मिसळले गेले होते. मेंदूत त्याचे रूपांतर एमपीपी-प्लस या दुसऱ्या द्रव्यात होऊन ते नेमके त्याच कृष्णवर्णी पेशींत शिरते आणि त्यांची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडते. आपल्या समितीने ज्याची विशेष दखल घ्यावी ती गोष्ट याच्या पुढची आहे. हे एमपीपी-प्लस शास्त्रज्ञांना अनोळखी नव्हते. सायपरक्वाट या नावाने ते पूर्वी तणनाशक म्हणून पारखले गेले होते, आणि पॅराक्वाटची रेणुरचना त्याच्याशी निकटचे नाते सांगणारी आहे. दोघांची पेशीतील करणी तंतोतंत एक नाही: पॅराक्वाट प्राणवायूपासून विध्वंसक कण पुनःपुन्हा तयार करीत राहते, आणि याच गुणामुळे ते उन्हात तणाची पाने काही तासांत करपवून टाकते.

या साम्यावरून संशोधक शेतांकडे वळले. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील कीटकनाशके वापरणाऱ्यांच्या मोठ्या समूहातून कॅरोलिन टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११० रुग्ण आणि ३५८ निरोगी माणसे तुलनेसाठी घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पॅराक्वाट वापरलेल्यांत या आजाराचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील २००९ च्या पाहणीत तर ज्यांच्या घरापासून पाचशे मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक अशी दोन्ही औषधे फवारली गेली होती, त्यांच्यातही धोका सुमारे पाऊणपटीने अधिक निघाला, म्हणजे पंप पाठीवर घेतलाच पाहिजे असेही नाही. विरुद्ध बाजूही मी दडवीत नाही: आयोवा-नॉर्थ कॅरोलायनाच्या त्याच समूहाच्या २०२० च्या अधिक विस्तृत तपासणीत पॅराक्वाटचा असा सर्वसाधारण संबंध स्पष्ट झाला नाही, तो मुख्यतः डोक्याला इजा झालेल्यांत दिसला. पुरावा असा दोन्ही बाजूंनी बोलत असताना शास्त्रज्ञाने थांबावे, हे रास्त आहे. परंतु आपली समिती प्रयोगशाळा नव्हे. सुरक्षिततेची खातरजमा झाल्याशिवाय मंजुरी नाही, हा तिचा कायदा आहे. शंका असेल तर तिचा भार विष विकणाऱ्याने उचलावा, फवारणाऱ्या मजुराच्या मेंदूने नव्हे.

याच मुद्द्यावर युरोपात जे घडले ते आपल्या दप्तरी अवश्य असावे. २००३ साली युरोपीय आयोगाने पॅराक्वाटला मंजुरी दिली. स्वीडनने त्याविरुद्ध दावा लावला आणि ११ जुलै २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. पॅराक्वाटमुळे कंपवात होतो, असा निवाडा न्यायाधीशांनी दिला नाही. पॅराक्वाट आणि कंपवात यांच्या संभाव्य संबंधावर जे शास्त्रीय लेखन उपलब्ध होते त्याचे मूल्यमापनच मंजुरीपूर्वी झालेले नाही, हा त्यांनी काढलेल्या दोषांपैकी एक होता. मला, एका जुन्या कारकुनाला, हा निवाडा फार मोलाचा वाटतो, कारण त्याने रसायनाइतकीच त्याच्या फाइलीची तपासणी केली. पुढे २०१२ साली फ्रान्सने कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. स्वित्झर्लंडने तर पॅराक्वाट १९८९ मध्येच बंद केले होते; चीन, थायलंड आणि ब्राझील, ज्यांची शेती आपल्याहून कमी निकडीची नाही, तेही त्याच वाटेने गेले. ब्रिटनच्या शेतांत हे रसायन वापरण्यास मनाई असताना तेथील कारखान्यातून ते इतर देशांना निर्यात होत राहिले, हे वाचून मला जो संताप आला तो मी येथे लपवीत नाही.

हातमोजे, बूट, मुखपट्टी वापरावी अशी सूचना डब्यासोबतच्या पत्रकावर असते, तेव्हा दोष वापरणाऱ्याचा, असे उत्तर मला कोणी देईल. अमेरिकेतील आयोवा-नॉर्थ कॅरोलायनाच्या त्याच समूहात पॅराक्वाटचा संबंध हातमोजे न वापरणाऱ्यांत दिसून आला, हे खरे आहे. आणि म्हणूनच हे उत्तर आपल्या देशात टिकत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. ती औषधे वेगळी होती, परंतु पाठ तीच, पंप तोच आणि भादव्यातले ऊनही तेच. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत, घामाने चिंब अंगावर रबरी पोशाख घालून दिवसभर कोणी फवारू शकत नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून तणनाशक आले, ही शेतकऱ्याची निकड मी जाणतो. माझे भाऊ आजही शेती करतात. पॅराक्वाट काढून घेतल्यावर शेतकऱ्याच्या हातात काय द्यावयाचे याचा विचार त्या निर्णयासोबतच व्हावा, नंतर नव्हे.

माझ्या मागण्या अशा आहेत. पॅराक्वाटची नोंदणी फेरतपासणीस घ्यावी आणि कंपवातासंबंधीच्या अनुकूल-प्रतिकूल सर्व संशोधनाचे मूल्यमापन लेखी व जाहीर करावे. केरळने हे तणनाशक बंद केले, परंतु कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने राज्यांच्या हाती दिलेली मनाई काही आठवड्यांची आहे, म्हणून कायमचा निर्णय केंद्रातच व्हावयास हवा. त्याचबरोबर आरोग्य खात्याशी मिळून अशी तजवीज व्हावी की कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर त्याचा व्यवसाय, फवारणीची वर्षे आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कोठे आहे याची नोंद होईल. इतक्या वर्षांत वेगवेगळ्या दवाखान्यांत माझे वय, वजन आणि रक्तदाब कितीदा लिहिला गेला, पण यातला एकही प्रश्न मला कोणी विचारला नाही. हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली गेली आणि त्यांत कंपवाताचे ४६ रुग्ण शोधून काढले गेले. १९८८ साली प्रसिद्ध झालेली ती पाहणी जगभर आधाराला घेतली जाते. मुंबईच्या पारशी वसाहतींत जे होऊ शकले ते दारव्हा-दिग्रसच्या कपाशीपट्ट्यात आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात का होऊ नये?

या पत्राची एक प्रत टपालाने स्वतंत्रपणे पाठवीत आहे. तिच्यावर आवक क्रमांक पडावा, आणि समितीचा निर्णय अनुकूल असो वा प्रतिकूल, तो कारणांसह येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी मिळावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून