जंक्शन झाले, जोडगाडी कुठे आहे?

दौंड–मनमाड रेल्वेमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रेल्वे आली. दक्षिणेला दौंड, उत्तरेला मनमाड. गाडी आली, थांबली, पुढे गेली. जवळजवळ दीड शतक या स्थानकाचे काम एवढेच होते.

आता चित्र बदलले आहे. नगर–बीड–परळी या 261 किलोमीटरच्या मार्गासाठी मराठवाड्याने कित्येक वर्षे वाट पाहिली. 23 सप्टेंबर 2022 रोजी आष्टीपर्यंत गाडी धावली आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. त्यामुळे अहिल्यानगर हे मराठवाड्याच्या प्रवाशांसाठी गाडी बदलण्याचे ठिकाण ठरले.

पण बदलायची कोणती गाडी?

आष्टीहून पुण्याला शिकायला निघालेला मुलगा इथे पाठीवर बॅग, हातात डबा घेऊन उतरतो. पुढची गाडी सोयीच्या वेळेला नसेल, तर रिक्षा करून माळीवाडा बसस्थानक गाठायचे आणि एसटीने पुणे. तिकिटाची बचत तिथेच संपते.

पुण्याच्या वाटेवर दौंडला इंजिन फिरवण्याचा खोळंबा टाळण्यासाठी कॉर्ड लाइन झाली आहे. तेव्हा पुणे–अहिल्यानगर थेट इंटरसिटीची जुनी मागणी आता मान्य व्हायलाच हवी. तिची वेळ बीडच्या गाडीशी जुळवावी आणि एसटी महामंडळाने स्थानकाच्या दारातून बस सोडावी. पुढच्या वेळापत्रकात या सर्व गोष्टी दिसतील, यासाठी जिल्ह्यातील खासदारांनी आतापासूनच पाठपुरावा करावा.